वहीत अकराशे इंग्रजी शब्द, ओठावर एकही येत नाही. अवघड शब्द मुरवायचे कसे?

गोदाकाठ | ९ जून, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकते.

माझं शिक्षण नांदेडला मराठी माध्यमात झालं, इंग्रजी पाचवीपासून. आता वय ४१. पुण्यात एका औषध कंपनीत कागदपत्रं तपासायचं काम करते. कामापुरतं इंग्रजी चांगलं आहे, ती तक्रार नाही. पण चार वर्षांपूर्वी इंग्रजी अग्रलेख आणि मोठे लेख वाचायची गोडी लागली आणि तेव्हापासून अडलेला प्रत्येक शब्द मी वहीत उतरवते. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. दोनशे पानी तीन वह्या झाल्या. परवा रविवारी मोजले तर १,१४० शब्द भरले. मुलीला म्हटलं, अर्थ झाक आणि कुठूनही शंभर विचार. मला २३ आले.

खूप वाईट वाटलं हो. 'ऑब्सीक्वियस' हा शब्द तीन वेगळ्या पानांवर मीच लिहिलाय, तिन्ही वेळा समोर 'लाळघोट्या' असं लिहिलंय, आणि तरी रविवारी तो मला अनोळखी वाटला.

मला कुठलीही परीक्षा द्यायची नाही. शब्द आवडतात म्हणून शिकायचेत. हे शब्द डोक्यात राहावेत म्हणून तुम्ही काय करता? आणि आले तर ते वापरावेत का, की नुसते ओळखीचे असले तरी पुरे?

खारीबिस्किट | ९ जून, रात्री १०.३१

शंभरात २३ म्हणजे १,१४० मध्ये अडीचशेच्या वर. चार वर्षांपूर्वी हे अडीचशे तुमच्याकडे नव्हते. आधी स्वतःची पाठ थोपटा, मग पुढचं.

टंकलेखक | ९ जून, रात्री ११.०४

गोदाकाठताई, अडचण वहीची आहे, डोक्याची नाही. वहीत शब्दाची जागा ठरलेली असते. आपल्याला आठवतं ते 'उजवं पान, तळाशी, निळी शाई'. पान बदललं की शब्द गेला.

मी चिठ्ठ्या करतो. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग असतो, त्यांची पाठकोरी बाजू पत्त्याच्या पानाएवढी कापायची. एका बाजूला ज्या वाक्यात शब्द भेटला ते अख्खं वाक्य, शब्दाच्या जागी नुसती रेघ. मागे शब्द. मग मिठाईचे पाच रिकामे खोके. नवी चिठ्ठी पहिल्या खोक्यात, तो रोज उघडायचा. शब्द आला की चिठ्ठी पुढच्या खोक्यात. दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्याने. कुठल्याही खोक्यातली चुकली की थेट पहिल्यात परत, तिथे दयामाया नाही.

ही युक्ती माझी नाही. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये ती मांडली. तिचा पाया त्याहून जुना. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजोड्या स्वतः पाठ करून, किती वेळाने किती विसरतो याची मोजदाद केली आणि १८८५ मध्ये ती छापली. विसरणं पहिल्या काही तासांतच सगळ्यात वेगाने होतं, मग उतार मंदावतो. म्हणून विसरायच्या बेतात असतानाच शब्द पुन्हा समोर यायला हवा. तुमच्या वहीत तो कधीच परत आला नाही, तुम्ही त्याच्यावर पान उलटलंत.

कागद कापायचा कंटाळा असेल तर 'अँकी' नावाचं अ‍ॅप आहे, अँड्रॉइडवर फुकट. मला खोके बरे वाटतात.

वेणू_डब्लिन | १० जून, पहाटे २.२०

वाखुसा (वाचनखूण साठवली). लग्नपत्रिकांची कल्पना फार आवडली.

घाटमाथा | १० जून, सकाळी ८.४०

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी एका बँकेत कर्जाची प्रकरणं वाचतो. रोज वीस-पंचवीस अर्ज. ज्याला सांगायचं असतं तो साधं लिहितो: धंदा काय, पैसे कशाला, फेडणार कसे. ज्याला लपवायचं असतं त्याच्या अर्जात मोठमोठे शब्द येतात. सरकारी मराठीची 'सदरहू' आणि 'उपरोक्त'ने जी गत केली, तीच इंग्रजीची करायची का? अवघड शब्द शिकण्यात घालवलेला वेळ सोपं लिहायला शिकण्यात घालवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोदाकाठ | १० जून, सकाळी ९.१०

घाटमाथा, लिहिण्याबद्दल तुमचं पटतं. पण वाचताना काय करू? लेखकाने 'टॅसिट' (न बोलता गृहीत धरलेलं) लिहिलं असेल तर त्याच्या जागी सोपा शब्द मी घालू शकत नाही. तिथे मला तोच समजायला हवा.

बार्शीलाईट | १० जून, दुपारी १.२५

मी १९९७ मध्ये जीआरई दिली होती, परदेशात पदव्युत्तर शिक्षणाला जाण्यासाठीची प्रवेशपरीक्षा. तेव्हा परीक्षेत सुटे शब्द देऊन विरुद्धार्थी शब्द विचारत. मागेपुढे वाक्य नाही, संदर्भ नाही. त्यामुळे आम्ही काय केलं, तर हजारो शब्दांच्या याद्या घोकल्या. होस्टेलवर सहा जण होतो. मेसच्या रांगेत एक जण शब्द टाकायचा, दुसरा अर्थ. भाजी कोणती होती ते आज आठवतं, त्या याद्यांतले बहुतेक शब्द आठवत नाहीत. 'पल्क्रिट्यूड' म्हणजे सौंदर्य, हा मात्र आठवतो, कारण इतक्या सुंदर अर्थाला इतका ओबडधोबड आवाज आहे. तो शब्द त्यानंतर एकदाही कोणाच्या तोंडून ऐकला नाही.

ऑगस्ट २०११ पासून ते सुटे विरुद्धार्थी शब्द परीक्षेतून गेले. आता माझी पुतणी तयारी करते आहे. भाषेच्या भागात २७ प्रश्न, ४१ मिनिटं. उतारे, गाळलेल्या जागा, आणि एक प्रकार असा की सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडायचे जे घातल्यावर वाक्याचा अर्थ सारखाच राहील. यादी पाठ करून तो प्रश्न सुटत नाही. शब्दाची छटा कळावी लागते. टंकलेखकांची 'वाक्यासकट चिठ्ठी' तिला आजच सांगतो.

पळसपान | १० जून, संध्याकाळी ६.५०

गोदाकाठ, तू माझ्याहून बरीच लहान दिसतेस म्हणून अगं-तुगं करते. मी वाईची, ३१ वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. निवृत्त झाल्यावर इंग्रजी वाचायला घेतलं, म्हणजे तुझ्यापेक्षा वीसेक वर्षं उशिराच. मला जे सापडलं ते सांगते.

तुझा तीनदा विसरलेला शब्दच घे. 'ऑब्सीक्वियस'. यातलं 'सीक्व' म्हणजे लॅटिनमध्ये मागे जाणं. सीक्वेल, सीक्वेन्स, कॉन्सिक्वेन्स, सगळी त्याच घरातली. आणि संस्कृतात त्याचा सख्खा भाऊ आहे 'सच्' हा धातू, सोबत असणं, मागोमाग जाणं. त्यातून आपला 'सचिव' आला, राजाच्या सोबत असणारा. ऑब्सीक्वियस म्हणजे सोबत सोडतच नाही, मागे मागे करतो तो. आता बघ विसरतेस का.

मराठी माध्यमात शिकल्याचं आपल्याला उगीच ओझं वाटतं. उलट आपल्याकडे किल्ल्यांचा जुडगा आहे. चौथी-पाचवीत 'परिमिती' शिकलीस ना? परि आणि मिती. इंग्रजीत पेरिमीटर: पेरि आणि मीटर. ग्रीकातला 'पेरि' तोच आपला 'परि'. दोन्ही तुकडे जुळतात. अनाम आणि अ‍ॅनॉनिमस, तिथेही दोन्ही तुकडे जुळतात, 'अ/अन्' हा नकार सुद्धा एकच. अज्ञात आणि अ‍ॅग्नॉस्टिक. प्रजा आणि प्रोजेनी. 'दुस्' म्हणजे वाईट, तो ग्रीकात 'डिस'. 'पच्' म्हणजे शिजणं, तो ग्रीकात 'पेप्'. डिस्पेप्सिया म्हणजे अक्षरशः दुष्पचन. हा शब्द प्रथम असा फोडला तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्याने हसले होते.

अजून एक, मला सर्वांत आवडतो तो. 'सब्जुगेट', ताब्यात आणणं, गुलाम करणं. 'जुगम' म्हणजे लॅटिनमध्ये जू. बैलाच्या मानेवरचं आपलं जू, संस्कृत 'युग', इंग्रजी 'योक', सगळं एकच. सब्जुगेट म्हणजे जुवाखाली आणणं. ज्याने नांगरट पाहिली आहे त्याला याचा अर्थ पाठ करावा लागणार नाही.

रानवारा | १० जून, संध्याकाळी ७.१५

वा पळसपानताई! म्हणजे सगळं इंग्रजी शेवटी संस्कृतातूनच निघालं की. थिऑलॉजीतला 'थिओ' म्हणजे देव, 'डे' म्हणजे दिवस!

पळसपान | १० जून, रात्री ८.०५

रानवारा, उत्साह समजते, पण थांब. निघालं नाही. भावंडं आहेत. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे हेच मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगाचं नाही, तिन्ही एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात, आणि ती भाषा आता कदाचित अस्तित्वातही नसेल. बहीण आणि आई यांत फरक असतो.

तुझी दोन्ही उदाहरणं नेमकी फसवी आहेत. 'देव'चा भाऊ लॅटिन 'डेउस', म्हणून डिइटी आणि डिव्हाइन हे आपले. ग्रीक 'थिऑस' दिसायला तसाच, पण त्या घरातला नाही. 'दिवस'चा भाऊ लॅटिन 'डिएस', इंग्रजी 'डे' मात्र नाही. चेहरा जुळला म्हणून नातं सांगू नये, आधी शब्दकोशातली व्युत्पत्ती बघावी. ही शिस्त पाळली नाही तर किल्ल्यांनी भलतीच कुलुपं उघडायला जाशील.

रानवारा | १० जून, रात्री ८.१२

धन्यवाद, हे माहीत नव्हतं. लक्षात ठेवतो.

मुंगूस | १० जून, रात्री ९.३०

माझ्या आयडीची वेळ आली! इंग्रजीतला 'माँगूस' थेट मराठी 'मुंगूस'वरून गेलाय, कोश तसंच सांगतात. आणि त्याचं अनेकवचन 'माँगूसेस' होतं, 'माँगीस' नाही, कारण त्याचा 'गूस'शी म्हणजे हंसाशी काही संबंध नाही. लेकाला शाळेत यावरून शाबासकी मिळाली.

दुसरा, आपल्या प्रत्येकाच्या दिवाणखान्यात बसलेला: टीपॉय. चहाशी संबंध शून्य. तो तीन पायांची 'तिपाई', म्हणजे आपली तिवई. इंग्रजांनी उचलला, त्यावर चहा ठेवायला लागले, स्पेलिंगात चहा घुसवला, आणि आपण तो इंग्रजी समजून परत घरी आणला.

खारीबिस्किट | १० जून, रात्री ९.३४

टीपॉयवर पाय ठेवून हे वाचत होते. पाय खाली घेतले.

वेणू_डब्लिन | ११ जून, पहाटे १.५०

पुस्तकातून शब्द शिकणाऱ्यांचं एक दुखणं कोणी बोललंच नाही: उच्चार. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी एका बैठकीत मी 'एपिटोम' म्हणाले. चार वेळा. खोलीत कोणी काही बोललं नाही. नंतर एका सहकारी मैत्रिणीने कॉफी घेताना हळूच सांगितलं, 'इपिटमी'. तिचे आभार मी आजही मानते. त्यानंतर घरी बसून माझे सगळे पुस्तकी शब्द तपासले. 'हायपरबोल' नव्हे, 'हायपर्बली'. 'इंडिक्ट' नव्हे, 'इंडाइट'. 'क्वे' नव्हे, 'की'. 'सेग' नव्हे, 'सेग्वे'.

आपल्याला हे जास्त जड जातं, कारण देवनागरीत लिहिलं तसं वाचायची सवय. इंग्रजी लिपी प्रामाणिक नाही. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला 'बी' कधी उच्चारलाच जात नव्हता. फ्रेंचमधून शब्द त्याच्याशिवाय आला होता. मग लॅटिनप्रेमी विद्वानांनी मूळ 'डेबिटम' दिसावा म्हणून तो स्पेलिंगात बसवला.

म्हणून टंकलेखकांच्या चिठ्ठीवर एक भर: शब्दाखाली देवनागरीत उच्चार, आणि जोर कुठल्या अक्षरावर त्याखाली टिंब. ऑनलाइन कोशात आवाज असतो, तो ऐकून तीनदा मोठ्याने म्हणायचं. तोंडाने न म्हटलेला शब्द ऐन वेळी तोंडात येणार कुठून?

अवांतर: बॉयकॉट हा शब्द इथलाच. १८८० मध्ये मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर शेतकऱ्यांनी बहिष्कार टाकला, आणि माणसाचं आडनावच क्रियापद झालं.

बार्शीलाईट | ११ जून, सकाळी ७.३०

वेणू, आपल्याकडेही माणसांचे शब्द होतात की. भगीरथ प्रयत्न, त्रिशंकू अवस्था, कुंभकर्णी झोप. 'ड्रॅकोनियन' हा अथेन्सच्या ड्रॅको नावाच्या कायदेकर्त्यावरून, फार कडक शिक्षांसाठी बदनाम. 'लॅकोनिक' हा लॅकोनियावरून, म्हणजे स्पार्टाचा मुलूख. तिथली माणसं मोजकं बोलत. असं सांगतात की मॅसिडोनियाच्या फिलिपने धमकी पाठवली, मी तुमच्या मुलखात शिरलो तर सगळं उद्ध्वस्त करीन. स्पार्टाचं उत्तर आलं, 'शिरलास तर.' गोष्टीचा शब्द विसरत नाही.

घाटमाथा | ११ जून, सकाळी ७.४१

आवडलं.

मुंगूस | ११ जून, सकाळी ७.४३

घाटमाथांचा प्रतिसाद लॅकोनिक झाला. शिकवणी यशस्वी.

सातबारा | ११ जून, सकाळी ११.१५

मी वकिली करतो, तालुक्याच्या कोर्टात. माझा अनुभव धोक्याच्या शब्दांचा. दिसतो एक, असतो भलताच.

वीस वर्षांपूर्वी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या ज्येष्ठ वकिलांच्या सत्काराला मी इंग्रजीत मानपत्र लिहिलं. त्यात 'फुलसम प्रेज' असं लिहिलं, भरभरून स्तुती या अर्थाने. फुलसम स्तुती म्हणजे ऊतू जाणारी, खोटी वाटणारी स्तुती. मानपत्र छापून झालं होतं. त्यांनी वाचलं, मला जवळ घेतलं आणि म्हणाले, भावना पोचली. पण मी त्या रात्री झोपलो नाही. तेव्हापासून नियम आहे: दिसण्यावरून अर्थ लावायचा नाही.

अशी टोळीच आहे. 'नॉइसम' म्हणजे गोंगाटाचं नव्हे, घाण वासाचं. 'एनर्व्हेट' म्हणजे उत्साह देणं नव्हे, त्राण काढून घेणं. 'मेरिट्रिशस' म्हणजे मेरिट असलेलं नव्हे, वरवर भपकेदार. 'रेस्टिव्ह' म्हणजे निवांत नव्हे, उलट अस्वस्थ. 'प्रॉडिगल' म्हणजे गुणी नव्हे, उधळ्या. एका पालकाने मुलाच्या कौतुकाच्या पत्रात तो वापरलेला मी पाहिलाय. आणि 'डिसइंटरेस्टेड'. न्यायाधीश तसाच असायला हवा, म्हणजे निःपक्षपाती. पण 'अनइंटरेस्टेड' असला, म्हणजे त्याला रसच नसला, तर पक्षकाराचं काही खरं नाही.

पळसपान | ११ जून, दुपारी १२.००

सातबारा, तुमच्या यादीत 'एग्रीजस' घाला. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. कळपातून बाहेर उठून दिसणारा तो एग्रीजस. पूर्वी चांगल्या अर्थानेही वापरत, आता उठून दिसणारी चूक, ढळढळीत अन्याय, अशाच ठिकाणी. शब्दांचंही नशीब फिरतं.

नवखा_नाशिक | ११ जून, दुपारी ३.२०

मी बारावीला आहे. एकूण किती शब्द आले म्हणजे पुरे? शिकवणीत कोणी म्हणतं तीन हजार, कोणी वीस हजार.

टंकलेखक | ११ जून, रात्री ९.५०

नवखा, यावर नीट काम झालेलं आहे. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला: कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचं असेल तर सुमारे आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. कुटुंब म्हणजे शब्द आणि त्याची रूपं मिळून एक. एवढे आले की मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे, म्हणजे पन्नासात एक अनोळखी. तेवढा एक अंदाजाने कळतो.

तू त्याआधी काय करावंस ते सांगतो. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये अभ्यासाच्या इंग्रजीतल्या ५७० शब्दकुटुंबांची यादी केली. विषय कोणताही असो, अभ्यासाच्या पुस्तकांतल्या मजकुराचा सुमारे दहा टक्के भाग त्यांनीच भरतो. ती पक्की कर. दुर्मीळ शब्दांचा शौक त्यानंतर. पाया ओतायच्या आधी गच्चीवर कुंड्या मांडू नयेत.

कोकणी_फणस | १२ जून, सकाळी ६.४५

सगळं वाचलं, पण 'वापरावेत का' याला कोणी हात घातला नाही. मी रत्नागिरीत इंग्रजी शिकवतो. मुलं शब्द पाठ करतात, अर्थ बरोबर सांगतात, आणि वाक्यात घातला की कानाला खटकतो. मी फळ्यावर लिहितो 'किर्र उजेड'. वर्ग हसतो. मग 'लख्ख अंधार'. पुन्हा हसतात. विचारतो, का हसलात? कोणाला नियम सांगता येत नाही, पण किर्र म्हटलं की अंधारच, लख्ख म्हटलं की उजेडच, ऊन रणरणतं, थंडी कडाक्याची, पाऊस मुसळधार, काळाकुट्ट, पांढराशुभ्र. शब्दाला ठरलेली सोबत असते.

इंग्रजीतही तेच. 'टॅसिट' एकटा फिरत नाही, तो अप्रूव्हल किंवा अ‍ॅग्रीमेंट घेऊन येतो. 'इनक्लेमंट' म्हटलं की पुढे वेदर. 'अनमिटिगेटेड' म्हटलं की डिझास्टर. 'स्केदिंग' म्हटलं की टीका. चिठ्ठीवर सुटा शब्द लिहिलात तर तो आला तरी वापरता येणार नाही. जोडी लिहा. मग लिहिताना तो मुद्दाम आणावा लागत नाही, सोबत्याला बोलावलं की मागोमाग येतो.

घाटमाथांना ज्या अर्जांचा राग येतो तिथे बहुधा हीच गडबड असते. शब्द मोठा आहे म्हणून तो खुपत नाही, भलत्याच्या शेजारी बसवलाय म्हणून खुपतो.

घाटमाथा | १२ जून, सकाळी ९.२०

फणस, उदाहरण चोख. तरी माझं म्हणणं सोडत नाही. नेमका शब्द आणि भारी शब्द यांत फरक आहे. 'टॅसिट' नेमका आहे, त्याच्या जागी तीन शब्द लागतील, म्हणून तो ठेवा. पण 'युटिलाइझ'च्या जागी 'यूज' चालतो, तिथे दुसरं काही नको. वाचायला नऊ हजार शिका, लिहायला तीन हजार पुरतात.

पळसपान | १२ जून, सकाळी ९.५५

लांबलचक शब्दांसाठीही लांबलचक शब्द आहे, घाटमाथा. 'सेस्क्विपिडेलियन'. 'सेस्क्वि' म्हणजे दीड, 'पेड' म्हणजे पद, पाऊल. दीडफुटी! रोमन कवी होरेसने दीडफुटी शब्दांची तक्रार केली होती. तुमची बाजू दोन हजार वर्षं जुनी आहे.

रानवारा | १२ जून, दुपारी ४.३०

अवांतर: आत्ता इथे पहिला पाऊस पडला. अंगणात उभा राहून वास घेतोय. याला इंग्रजीत काय म्हणतात?

बार्शीलाईट | १२ जून, दुपारी ४.४२

'पेट्रिकॉर'. १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी घडवला. 'पेट्रा' म्हणजे दगड, 'आयकॉर' म्हणजे ग्रीक देवांच्या अंगातून वाहणारा रस. आपल्याकडे मृद्गंध होताच. कनौजला तर त्याचं अत्तर करतात.

खारीबिस्किट | १२ जून, दुपारी ४.४५

इथे अजून कोरडं आहे. रानवारा, थोडा पेट्रिकॉर इकडे पाठवा.

सातबारा | १३ जून, रात्री ८.१०

एक सोय सांगायची राहिली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पूर्ण कोश फुकट शोधता येतो. आपण नेहमी इंग्रजीकडून मराठीकडे जातो. हा उलटा रस्ता धरा. अगदी ओळखीचा, घरातला मराठी शब्द उघडा आणि त्याच्यासमोर मोल्सवर्थने मांडलेली इंग्रजी शब्दांची पंगत बघा. एकेका शब्दाला चार-चार, पाच-पाच छटा. अर्थ आपल्याला आधीच माहीत असतो, त्यामुळे इंग्रजी शब्द रिकाम्या जागेत पडत नाही. मी रोज जेवण झाल्यावर दोन शब्द उघडतो.

गोदाकाठ | ४ जुलै, रात्री ९.३०

मंडळी, पंचवीस दिवसांनी येते आहे. मुद्दाम थांबले, करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

तिन्ही वह्या कपाटात ठेवल्या. लग्नपत्रिका कापल्या, पाच खोके केले. १,१४० सगळे घेतले नाहीत. नियम केला की शब्द वाचनात दुसऱ्यांदा भेटला तरच त्याची चिठ्ठी. जो पुन्हा भेटतच नाही त्याच्यासाठी जीव काढायचा नाही. अशा ६४ चिठ्ठ्या झाल्या. प्रत्येकीवर वाक्य, सोबतीचा शब्द, उच्चार, आणि जमलं तिथे पळसपानताईंसारखी फोड. काल मुलीने सगळ्या विचारल्या. ५५ आल्या. 'ऑब्सीक्वियस' विचारायच्या आधीच मी 'सचिव' म्हणाले, तिला काही कळेना.

घाटमाथा, तुमच्या कसोटीवर एक शब्द वापरला. कामावर एका बदलाला लेखी मंजुरी नव्हती, पण वरच्यांना माहीत होतं आणि कोणी हरकत घेतली नव्हती. अहवालात 'टॅसिट अप्रूव्हल' लिहिलं. दुसरा नेमका शब्दच नव्हता. कोणी काही विचारलं नाही, अहवाल पुढे गेला.

आता एक प्रश्न. वडील गावी असतात, आयुष्यभर शेती केली. परवा फोनवर त्यांना सब्जुगेट आणि जुवाची गोष्ट सांगितली. त्यांना एवढा आनंद झाला की पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, 'जुवाला योक, ते कळलं. पण मग शिवळीला काय म्हणतात?' शिवळ म्हणजे जुवाच्या टोकाला बैलाच्या मानेबाजूला घालतात ती खुंटी. मला सांगता आलं नाही. उद्या पुन्हा फोन येईल, कोणाला माहीत आहे का?

मुंगूस | ४ जुलै, रात्री ९.४१

आजोबांना नमस्कार सांगा. मला 'शिवळ' हा मराठी शब्दच आज कळला.

टंकलेखक | ४ जुलै, रात्री ९.४८

थांबा, मोल्सवर्थ उघडतोय. 'श'पर्यंत पोचलो.